सहा मिनिटांच्या बाई

आमचा दवाखाना छातीचा होता, दुसऱ्या मजल्यावर होता आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. नाशकात शालिमारच्या मागच्या गल्लीत बेचाळीस पायऱ्यांचा तो जिना. दमेकरी, खोकलेकरी, धाप लागणारे असे सगळे तो चढून यायचे आणि बाकावर बसून आधी डॉक्टरांना नावं ठेवण्यापुरता श्वास गोळा करायचे. जागा बदला, असं डॉक्टरांना कितीजणांनी तरी सांगितलं. बाई मात्र म्हणायच्या, "जिना असू द्या. आपल्याकडचं सगळ्यात चांगलं मशीन तेच आहे."

बाई म्हणजे आमच्याकडच्या टेक्निशियन. श्वास मोजायचं मशीन त्या चालवायच्या, कार्डिओग्राम काढायच्या आणि पेशंटांना चालवायच्या. मूळच्या नामपूरच्या, पन्नाशीकडे झुकलेल्या, किरकोळ अंगाच्या. सुती साडी, खांद्यावरून पदर घट्ट खोचलेला आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. साडीखाली ते बूट बघून नवे पेशंट एकमेकांकडे बघत. बाईंना त्याचं काही नव्हतं. त्यांच्या खोलीत एक फळी होती आणि तिच्यावर तसेच बूट चार मापांत मांडलेले. सपाता घालून आलेल्या माणसाची चालण्याची तपासणी होत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. "चप्पल सांभाळण्यातच अर्धा जीव जातो त्याचा," त्या म्हणायच्या.

मी तिथं लागले ते शहाण्णव साली. बी.एस्सी. झालेली, बावीस वर्षांची. मुलाखत बाईंनीच घेतली. म्हणजे त्या काही विचारेनातच. "खाली जाऊन आजचा पेपर आण," एवढंच म्हणाल्या. आणला. "हा नको, दुसरा आण." पुन्हा खाली गेले, पुन्हा वर आले. मनातल्या मनात नोकरीवर पाणी सोडलं होतं. वर आल्याबरोबर त्यांनी मनगट धरलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत नाडी मोजली आणि म्हणाल्या, "कॉलेजात काय काय शिकवलं ते सांग." मी रागारागाने सगळे विषय सांगितले. "दोनदा जिना चढलीस आणि वाक्य तुटलं नाही," त्या म्हणाल्या. "उद्यापासून ये."

वाक्य तुटणं हे त्यांचं माप होतं. माणूस एका दमात किती शब्द बोलतो, याकडे त्यांचा सारखा कान असायचा. त्या नेहमी दाराकडे पाठ करून बसत आणि जिन्यावरच्या पावलांचं ऐकत. "हा चौदाव्या पायरीला थांबला. धाप नाही, गुडघा आहे." किंवा, "ही बाई हळू चढतेय, पण थांबत नाहीये. हिचं बरं आहे." माझ्या मावसबहिणीच्या लग्नाला त्यांना बोलावलं होतं. पंचवटीतल्या त्या हॉलमध्ये माझे मामा माईक घेऊन पाहुण्यांचे आभार मानत होते. बाई जेवणाच्या पंगतीतून उठल्या, मामा खाली उतरेपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, एका वाक्यात तुम्ही तीनदा श्वास घेता. दाखवून घ्या." मामा तीस वर्षं विडी ओढत आलेले. त्यांनी माझ्याशी दोन महिने अबोला धरला आणि तिसऱ्या महिन्यात बेचाळीस पायऱ्या चढून आमच्याकडे आले.

श्वास मोजायच्या मशीनला एक जाड नळी होती. नाकाला चिमटा लावायचा, छातीभर श्वास घ्यायचा, ओठ नळीभोवती घट्ट मिटायचे आणि सगळं बळ लावून फुंकायचं. सुई कागदावर टेकडीसारखी रेघ काढायची. अडचण अशी की माणसं फुंकायला लाजतात. दोन सेकंद फुंकून हसतात. तिथं बाईंचा आवाज लागायचा. एरवी आमच्याशी शहरातलं बोलणाऱ्या बाई मशीनपाशी आल्या की थेट नामपूरला जायच्या. "घाबरू नको भाऊ, मी शे ना आठे. हां, घे. आता फुक. फुक, फुक, फुक, सोडू नको, तळाचं काढ, तळाचं राहिलंय अजून." शेजारी टायपिंगचा क्लास होता. तिथं नवीन आलेली एक मुलगी एकदा धावत येऊन विचारून गेली, की इथं बाळंतपणंही करतात का.

फुंकून झालं की पेशंटचा ठरलेला प्रश्न: "माझं फुप्फुस खराब आहे की काळीज?" डॉक्टर त्याचं शास्त्रशुद्ध उत्तर द्यायचे आणि ते कुणाला कळायचं नाही. बाई म्हणायच्या, "घरात तीन जावा आहेत असं समज. थोरली हवा भरून आणते, ते फुप्फुस. मधली ती घरभर वाढते, ते हृदय. धाकटीला कामाला जायचंय, ते पाय. थोरलीनं भरभरून आणलं आणि मधलीनं वाढलंच नाही, तर धाकटी उपाशी. धाकटी आळशी असली, तर दोघींचे कष्ट वाया. दम लागला म्हणून लगेच थोरलीला बोल लावायचा नाही. तिघींना एकत्र कामाला लावायचं, मग कळतं कोण कुठं कमी पडतेय."

तिघींना एकत्र कामाला लावायचं म्हणजे सहा मिनिटं चालवायचं. दवाखान्यासमोर सामाईक गॅलरी होती, लांबलचक. एका टोकाला टायपिंगचा क्लास, दुसऱ्या टोकाला पडदे शिवणारा शिंपी. दोन्हीकडे बाईंनी ऑइलपेंटने लाल रेघा ओढल्या होत्या. पेशंटने कॅनव्हासचे बूट घालायचे आणि या रेघेपासून त्या रेघेपर्यंत, जमेल तितक्या झपाझप, सहा मिनिटं चालायचं. दमलात तर थांबा, पण घड्याळ चालूच. शेवटी किती अंतर झालं, नाडी किती झाली, हे लिहायचं. बाई स्वतः पेशंटच्या मागून चालायच्या, चार पावलं राखून. शेजारून कधीच नाही. "शेजारून चाललं की माणूस आपल्या चालीनं चालतो. मला त्याची चाल पाहिजे."

एकदा सुरगाण्याकडून एक म्हातारा आला. पावरी वाजवणारा. वाळलेल्या भोपळ्याचं आणि बांबूचं ते वाद्य त्याने कापडात गुंडाळून सोबतच आणलं होतं. खोकला जात नव्हता. बाईंनी त्याच्या नाकाला चिमटा लावला, त्याने लगेच काढून टाकला. "नाक बांधलं त वाजवू कसा?" बाईंना मौज वाटली. म्हणाल्या, बरं, तुझ्या पद्धतीनं फुंक. म्हातारा फुंकायला लागला तो थांबेचना. गाल फुगलेले, नाकातून हवा आत येतेय, तोंडातून बाहेर जातेय, सुई कागदाच्या काठाला जाऊन टेकली आणि तिथंच थरथरत राहिली. डॉक्टर आतून आले आणि मशीनचं बटण तपासू लागले. मग बाईंनी समजूत घालून चिमट्यासह फुंकायला लावलं, तर आकडा अगदी बेताचा. वयाच्या मानाने कमीच. आणि गॅलरीत चालायला लावलं, तर त्याने सहा मिनिटांत आमच्याकडे त्या वर्षी आलेल्या सगळ्या तरण्या पेशंटांना मागे टाकलं. सहा मिनिटं संपली तरी याच चालीनं सुरगाण्याला निघेल असं वाटत होतं. बाई घाम पुसत म्हणाल्या, "बघ. कागदावर काही नाही, पायात सगळं."

आता डॉक्टरांबद्दल. माणूस हुशार, पेशंटांना जीव लावणारा, पण एका गोष्टीचा त्यांना फार अभिमान होता, तो म्हणजे स्वतःच्या फुप्फुसांचा. तरुणपणी ते पोहायचे. विडी-सिगरेटला कधी हात लावला नाही. दरवर्षी मशीन दुरुस्त होऊन आलं की पहिल्यांदा ते स्वतः फुंकायचे आणि उंचच उंच टेकडी काढायचे. त्यातली एक टेकडी त्यांनी चक्क काचेत बसवून खुर्चीमागच्या भिंतीवर लावली होती. पेशंटना दाखवायला, म्हणे. आलेख कसा असावा ते कळावं म्हणून. देवळ्याचा एक कांद्याचा व्यापारी ती बघून म्हणाला होता, "सप्तशृंगगड का?"

दोन हजार एक साल असेल. एका सकाळी बाई मला म्हणाल्या, "डॉक्टर पहिल्या मजल्यावर थांबायला लागलेत."

"कुणाची तरी नवी पाटी लागलीय ना तिथं, ती वाचत असतील," मी म्हटलं.

"तीन आठवडे?"

मीही मग ऐकायला लागले. खरंच. डॉक्टरांची पावलं एकविसाव्या पायरीला थांबायची. थोडी शांतता. मग पुन्हा टप टप. वर आले की पूर्वी दारातूनच आज कोण कोण आलंय विचारायचे. आता हात वर करून नुसते आत जायचे आणि पाच मिनिटांनी बोलायचे.

बाईंनी आडवळण घेतलं नाही. दुपारी आत गेल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, एकदा चालून घ्या."

"कशाला? माझा आलेख भिंतीवर आहे."

"भिंत कुठं चालते?"

डॉक्टर चिडले. आपण छातीचे डॉक्टर आहोत, आपल्याला कळतं, शिवाय कामं पडली आहेत, असं बरंच बोलले. पण ते बोलताना त्यांचं वाक्य तुटलं आणि ते तुटलेलं बाईंनी ऐकलं. त्या बाहेर आल्या, चालण्याची वेळ मोजायचं घड्याळ कपाटात ठेवून कुलूप लावलं. "तुम्ही चालत नाही तोवर मी कुणाला चालवणार नाही," त्यांनी दारातूनच सांगितलं. बाकावरच्या सहा पेशंटांनीही ते ऐकलं.

दोन दिवस तसेच गेले. फुंकून घ्यायच्या, कार्डिओग्राम काढायच्या, पण चालवणं बंद. डॉक्टरांनी मला सांगितलं, "तू घे चालवून." मला नाही म्हणता आलं नाही. एका आजोबांना बूट दिले, माझंच घड्याळ घेतलं आणि निघाले. आजोबा गप्पिष्ट होते. दुसऱ्या फेरीत मी त्यांच्या शेजारी आले, तिसऱ्या फेरीत ते मला नातवाचं स्थळ सांगू लागले. अंतर भरलं ते आमच्या गप्पांचं, त्यांच्या छातीचं नव्हे. बाईंनी कागद बघितला आणि परत दिला. तो मीच फाडला. नोकरी लागल्यापासून इतकी शरम मला कधी वाटली नव्हती.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर बाहेर आले. "ठीक आहे, चालतो. पण माझी एक अट आहे, बाई. इतक्या वर्षांत तुम्ही स्वतः एकदाही या मशीनमध्ये फुंकलेलं मी पाहिलेलं नाही. कसं फुंकायचं ते दाखवायचं असलं, तरी हिला पुढे करता. मी चालतो, तुम्ही फुंका."

बाईंचा चेहरा उतरला. मी पहिल्यांदाच तसा बघितला. त्यांनी कपाट उघडलं, घड्याळ काढलं, त्याला चावी दिली आणि म्हणाल्या, "आधी तुम्ही."

डॉक्टरांना नऊ नंबरचे बूट लागले. टायपिंगच्या मुली दारात येऊन उभ्या राहिल्या, पडदेवाल्या शिंप्याने मशीन थांबवलं. डॉक्टर ताठ मानेने निघाले, मागे चार पावलं बाई. पहिलं मिनिट झकास गेलं. दुसऱ्यात त्यांनी मुलींकडे बघून हातही केला. तिसऱ्यात चाल मंदावली. चौथ्यात शिंप्याच्या दारापाशी ते खाली वाकले. "लेस सुटली," म्हणाले.

लेस सुटली नव्हती. बाईंनी मनगट धरलं. "कुठं दुखतंय?"

"दुखत नाही. जबड्यात जरा ओढल्यासारखं होतंय."

"खुर्ची," बाई मला म्हणाल्या. आवाज अगदी खाली आला होता. शिंप्याचीच खुर्ची ओढली. डॉक्टरांच्या कपाळावर घाम होता आणि तरी ते म्हणत होते की दोन मिनिटं उरलीत, पुरी करतो. बाई त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या. "डॉक्टर, तुमच्या जागी दुसरा कुणी इथं असा बसला असता, तर तुम्ही काय लिहून दिलं असतं?"

डॉक्टरांनी डोळे मिटले. मग नेहमीच्या आवाजात, रिपोर्ट सांगतात तसं सांगू लागले, "चौपन्न वर्षांचे गृहस्थ. फुप्फुसं उत्तम. चालताना जबड्यात ओढ." थांबले. "जिभेखाली गोळी द्या. कार्डिओग्राम काढा. हृदयाच्या डॉक्टरकडे ताबडतोब. चालत नेऊ नका."

गोळी दिली, कार्डिओग्राम काढला. सुईने जी रेघ काढली ती मलाही कळली. शिंपी आणि टायपिंगचे सर, दोघांनी त्यांना खुर्चीसकट उचलून बेचाळीस पायऱ्या खाली नेलं. बाई मागून कागद घेऊन उतरत होत्या. रिक्षात बसवताना डॉक्टर म्हणाले, "बाई, तुमचं फुंकणं राहिलं."

"परत या, मग बघू," बाई म्हणाल्या. रिक्षा वळून दिसेनाशी झाल्यावर त्या खालच्या पायरीवर बसल्या आणि बराच वेळ उठल्याच नाहीत. मी पाणी आणलं. "तिसऱ्या मिनिटालाच थांबवायला पाहिजे होतं," त्या एवढंच म्हणाल्या.

हृदयाच्या तीन नळ्या तुंबल्या होत्या. बायपास झालं. दोन महिन्यांनी डॉक्टर आले, जिना चढून, सावकाश. बाकावरचे पेशंट उठून उभे राहिले. डॉक्टर खुर्चीवर बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "बाई, मशीन लावा."

बाईंनी स्वतःच नाकाला चिमटा लावला. त्यांना 'फुक फुक' म्हणणारं कुणी नव्हतं, म्हणून मीच म्हणू लागले, अगदी त्यांच्यासारखं. टेकडी उमटली नाही. कागदाच्या तळाशी एक बुटका उंचवटा आला आणि संपला. डॉक्टरांनी कागद वर केला, खाली केला. "मशीन बिघडलंय," म्हणाले आणि मला फुंकायला लावलं. माझी टेकडी व्यवस्थित आली.

"मशीन ठीक आहे," बाई म्हणाल्या. "डावी बाजू नावालाच आहे माझी."

सोळाव्या वर्षी त्यांना क्षय झाला होता. वर्षभर दवाखान्यात काढलं. बऱ्या झाल्या, पण डावं फुप्फुस आक्रसून गेलं. ठरत आलेलं लग्न मोडलं. पुढे त्यांनी कुणाला सांगितलंच नाही, कारण सांगितलं असतं तर छातीच्या दवाखान्यात तरी कुणी कामाला ठेवलं असतं का? "घरी आले तेव्हा ओट्यावरून अंगणात उतरले तरी दम लागायचा," त्या सांगत होत्या. "मग मोसम नदीच्या काठानं चालायला लागले. पहिल्या दिवशी पहिल्या बाभळीपर्यंत. आठवड्यानं दुसऱ्या. दोन वर्षं चालले. फुप्फुस काही वाढलं नाही, डॉक्टर. जे होतं ते वाया घालवणं थांबलं."

डॉक्टर बराच वेळ तो कागद बघत बसले. त्यांच्याकडे टेकडी होती आणि चौथ्या मिनिटाला ते थांबले होते. बाईंकडे उंचवटा होता आणि त्या दिवसभर लोकांच्या मागून गॅलरी तुडवत होत्या. "नुसत्या फुप्फुसावर दम ठरत नाही, असं इतकी वर्षं मी लोकांना सांगतोय," ते म्हणाले, "आणि मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं." उठून त्यांनी भिंतीवरची काच उतरवली. बाईंचा कागद तिथं लावू का, असं विचारलं. बाई म्हणाल्या, "माझं घर उघडं करू नका." मग त्या खिळ्यावर औषध कंपनीचं कॅलेंडर आलं.

त्यानंतर रोज दुपारी दवाखाना बंद झाला की डॉक्टर बूट घालून गॅलरीत यायचे. बाई मागे, चार पावलं राखून. पावसाळा संपेपर्यंत त्यांनी सहा मिनिटं न थांबता पुरी केली, दिवाळीपर्यंत अंतरही चांगलं भरलं. सहा मिनिटं पहिल्यांदा पुरी झाली त्या दिवशी टायपिंगच्या मुलींनी त्यांना पेढे वाटायला लावले.

बाई दोन हजार पाच साली नोकरी सोडून नामपूरला भावाकडे गेल्या. पुढे तीन-चार वर्षांनी कळलं की उजव्या बाजूनेही दगा दिलाय. मी भेटायला गेले. ओसरीत हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन घुरघुरत होतं, त्यातून निघालेली बारीक नळी बाईंच्या नाकाशी होती. वीज गेली तर असावं म्हणून कोपऱ्यात एक सिलिंडर. मला रडू येईल असं वाटलं, पण बाईंनी सवडच दिली नाही. त्या ओसरीतून माजघरात, माजघरातून परत ओसरीत अशा येरझाऱ्या घालत होत्या. नळी संपली की वळत होत्या.

"बसा ना जरा," मी म्हटलं.

"बसून काय करू? फुप्फुस संपलंय, पाय नाही संपले. एवढीच अडचण आहे बघ, ही नळी तोकडी आहे. दारापाशी गेलं की नाक ओढते. नाशकात लांब मिळते का?"

नाशकात मिळाली. पंधरा मीटरची घेतली, मशीनला तेवढी लांब चालते ना, ते डॉक्टरांना विचारून घेतलं आणि सटाण्याच्या एस.टी.च्या कंडक्टरकडे पार्सल देऊन नामपूरला पाठवली. आठवड्याने फोन आला. आवाज बारीक होता, दोन शब्दांनंतर वाक्य तुटत होतं, पण त्याची त्यांना फिकीर दिसली नाही.

"पोचली नळी," बाई म्हणाल्या. "शेजारणीच्या ओट्यापर्यंत जाते. काल तिच्याकडे चहा घेतला."